देहस्वभाव आणि आत्मा : नारायण वामन टिळक यांच्या जीवनातील अंतःसंघर्ष

१.

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती वाङ्मयात धर्मांतराची कहाणी बहुधा बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबते. शंका, वाचन, वादविवाद, कुटुंबाचा विरोध आणि अखेर दीक्षा असा तिचा ठरलेला क्रम असतो. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र या क्रमाचे उत्तम उदाहरण होय. १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्या क्षणाकडे ग्रंथातील सारे निवेदन झेपावत असते. अंधार संपून पहाट झाली, हा त्या ग्रंथाच्या नावातच सामावलेला आशय आहे. ख्रिस्ती धर्मविचारात मात्र खरा झगडा पुष्कळदा या पहाटेनंतर सुरू होतो. पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत ज्याचे वर्णन केले आहे, तो झगडा विश्वास ठेवलेल्या माणसाचा आहे. जे चांगले आहे ते कळते, ते करावे अशी इच्छाही असते. तरीही हातून घडते ते नेमके उलट. माणसाच्या आत दोन ओढी असतात. एक ‘देहस्वभावा’ची आणि दुसरी ‘आत्म्या’ची.

या दोन संज्ञांविषयी मराठी वाचकाची गल्लत होण्याचा संभव असतो. पौलाच्या मूळ ग्रीक लेखनातील ‘सार्क्स’ या शब्दाचा अर्थ केवळ हाडामांसाचे शरीर असा नाही. देवापासून तुटलेला, स्वतःभोवती फिरणारा, स्वतःच्याच बळावर उभा राहू पाहणारा संपूर्ण माणूस त्यात अभिप्रेत आहे. त्यामुळे मत्सर, भांडणतंटा, क्रोध आणि गटबाजी यांनाही पौल देहाचीच कर्मे म्हणतो. ज्या भाषेत देहाला नश्वर, मलिन आणि त्याज्य मानण्याची दीर्घ परंपरा आहे, तिच्यात ‘देह’ असा सरळ प्रतिशब्द योजला की संघर्षाचे स्वरूपच बदलते. तो शरीराविरुद्धचा, इंद्रियांविरुद्धचा झगडा वाटू लागतो. ‘देहस्वभाव’ ही जोडसंज्ञा ही अडचण पुष्कळशी दूर करते. संतवाङ्मयातील षड्रिपू आणि ‘मीपण’ या कल्पना तिच्या निकट येतात. परंतु एक महत्त्वाचा भेद राहतो. या शत्रूवर साधनेने मिळवलेला विजय पौलाला अपुरा वाटतो. सुटका बाहेरून, कृपेने यावी लागते, अशी त्याची श्रद्धा आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे जीवन या प्रकाशात पाहिले, तर त्यांच्या चरित्रातील अनेक विसंगतींना अर्थ प्राप्त होतो. ‘फुलांमुलांचे कवी’ या लाडक्या बिरुदामागे एक रागीट, अस्वस्थ, उतावळा आणि स्वतःशी सतत झुंजणारा माणूस होता. त्याचे दर्शन घडविणारी साधने दोन आहेत. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेले चरित्र हे एक, आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ हे दुसरे. पहिल्यात भक्त दिसतो, दुसऱ्यात नवरा दिसतो. दोहोंतील माणूस एकच आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून टिळकांच्या अंतःसंघर्षाचे मोल कळत नाही.

२.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव कडक होता, आणि घरात त्यांच्या धाकाची छाया असे. आई जानकीबाई भाविक व कवितेची आवड असणारी होती. टिळक लहान असतानाच तिचा मृत्यू झाला. आईच्या माघारी घर हे त्यांना घर राहिले नाही. वडिलांचा संताप आणि आईची कोवळीक या दोहोंचा वारसा एकाच मुलाकडे आला, आणि तो पुढे त्याच्या अंतरंगात परस्परांशी भांडत राहिला, असे म्हणण्यास ‘स्मृतिचित्रे’त भरपूर आधार सापडतो.

पुढे नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र अर्धवट राहिले. कुठेही फार काळ न टिकणे हा त्यांच्या तरुणपणाचा स्थायी भाव दिसतो. सुमारे १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १८६८ मध्ये जन्मलेली ही मुलगी लक्ष्मीबाई झाली. तिच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे स्तोम पराकोटीला गेले होते. तिच्या आजोबांना १८५७ च्या उठावानंतर फाशी झाली होती, आणि त्या धक्क्यातून तिच्या वडिलांच्या मनाने शुद्धाशुद्धतेचा ध्यास घेतला होता. अशा घरातून आलेल्या अजाण मुलीच्या वाट्याला जो नवरा आला, तो कोणत्याही क्षणी घर सोडून निघून जाणारा होता. टिळक न सांगता नाहीसे होत, दूरच्या एखाद्या गावी शिक्षकाची किंवा अन्य काही नोकरी धरत आणि पुन्हा सोडत. लक्ष्मीबाई कधी सासरी, कधी माहेरी, कधी नातलगांकडे दिवस काढीत.

या काळातील टिळकांचा राग हा ‘स्मृतिचित्रे’तील एक ठळक विषय आहे. तो क्षुल्लक कारणावरून भडके आणि तितक्याच लवकर ओसरे. ओसरल्यावर तीव्र पश्चात्ताप होई. त्यानंतर औदार्याची लाट येई, आणि त्या लाटेत घरातले होते-नव्हते तेही वाहून जाई. वाणसामानासाठी दिलेल्या पैशांची भलतीच वस्तू घरी येई किंवा ते पैसे वाटेत भेटलेल्या गरजूच्या हाती पडत. लक्ष्मीबाईंनी हे सारे विनोदाने सांगितले असले, तरी त्या विनोदाखाली उपासमारीची आणि परवडीची सत्ये आहेत. टिळकांचे औदार्य व त्यांचा उतावळेपणा एकाच मुळातून फुटले होते. पुढील आयुष्यात त्यांना ज्या स्वभावाशी झगडावे लागले, तो केवळ दुर्गुणांचा बनलेला नव्हता. गुण व दोष यांची त्यात अशी गुंतागुंत होती की एकाला उपटताना दुसरे दुखावे. त्या झगड्याची खरी अवघड बाजू हीच होती.

३.

नागपूर येथील वास्तव्यात टिळकांना आप्पासाहेब बुटी या धनिकाचा आश्रय मिळाला. तेथे त्यांनी प्राचीन संस्कृत वाङ्मयाच्या संपादनाचे काम केले आणि ‘ऋषि’ हे मासिकही चालविले. या वर्षांत त्यांचे धर्मचिंतन विलक्षण वेगाने पुढे गेले. मूर्तिपूजा आणि जातिभेद यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. देशाच्या उद्धारासाठी नव्या धर्माची गरज आहे, आणि तो आपणच घडवावा, असे त्यांना वाटू लागले होते. या विचारात देशप्रेम होते, तशीच धर्मसंस्थापक होण्याची महत्त्वाकांक्षाही होती. आधीची अपत्ये बालपणीच गेली होती. १८९१ मध्ये देवदत्त हा मुलगा झाला व तो जगला.

१८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांना दिली आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. त्या गृहस्थाचे नाव पुढेही कधी कळले नाही. टिळकांनी पुस्तक उघडले ते सुशिक्षिताच्या कुतूहलाने. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. त्या प्रवचनात खून न करणे पुरेसे मानलेले नाही, क्रोधालाच न्यायासनापुढे उभे केलेले आहे. व्यभिचाराइतकीच अभिलाषाही दोषी ठरते. शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा होते. आचारशुद्धीच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला हे नवीन होते, आणि ज्याचा क्रोध घरातल्या माणसांवर रोज कोसळत होता, त्याला ते अंतर्मुख करणारे होते. नवा धर्म निर्माण करू पाहणाऱ्या टिळकांसमोर प्रथमच असा धर्म उभा राहिला, ज्याने त्यांच्या बुद्धीपेक्षा त्यांच्या स्वभावालाच प्रश्न विचारला.

निर्णय घेण्यास दोन वर्षे लागली. बुद्धीला पटले होते. पाऊल अडले होते ते पत्नी आणि लहानग्या मुलामुळे. दीक्षा घेणे म्हणजे त्यांना गमावणे, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना त्याची पूर्वकल्पना नव्हती. पतीचे घर सोडून जाणे हे त्यांच्या परिचयाचे होते. या खेपेस तो जातीतून, धर्मातून आणि त्यांच्या जगातून निघून गेला होता.

४.

विन्स्लो यांच्या चरित्रात हा क्षण सत्यनिष्ठेचा विजय म्हणून येतो, आणि तो तसा आहेही. सामाजिक प्रतिष्ठा, नातेसंबंध आणि उपजीविका यांवर पाणी सोडण्याचे धैर्य त्यात आहे. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या माणसाने यापूर्वी कितीतरी वेळा पत्नीला न सांगता घर सोडले, त्याचे या वेळचे जाणे आत्म्याच्या हाकेने झाले, की जुना स्वभावच नव्या कारणाने पुन्हा घराबाहेर पडला? ख्रिस्ती नीतिविचारात हा प्रश्न गौण नाही. देहस्वभाव नेहमी पापाच्या उघड रूपात येत नाही. तो धर्मकृत्याच्या रूपानेही येऊ शकतो, हेच तर पौलाच्या विवेचनाचे मर्म आहे.

याचे उत्तर त्या एका दिवसात शोधून सापडणार नाही. ते पुढील साडेचार-पाच वर्षांत शोधावे लागते. लक्ष्मीबाई या काळात पंढरपूर, नाशिक, जलालपूर अशा ठिकाणी नातलगांसमवेत राहिल्या. टिळक अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे मिशनच्या कार्यात व ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात अध्यापन करू लागले. पुन्हा विवाह करण्याचा, पत्नीवर हक्क सांगण्याचा किंवा तिला विसरून जाण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. वाट पाहणे हा गुण त्यांच्या स्वभावात अजिबात नव्हता. ज्याला एक नोकरी वर्षभर धरवत नसे, त्याने एका स्त्रीच्या मनाचा कौल मिळेपर्यंत वर्षांमागून वर्षे थांबावे, हा बदल बाप्तिस्म्याच्या विधीपेक्षा अधिक बोलका आहे.

लक्ष्मीबाई अखेर मुलाला घेऊन त्यांच्याकडे आल्या, त्या ब्राह्मणी आचार सांभाळूनच. त्यांचा स्वयंपाक व पाणी वेगळे होते. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. एकाच छपराखाली दोन आचार नांदले. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाने लक्ष्मीबाईंच्या मनात काहूर उठवले, आणि त्यांनी स्वतःच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे धर्मांतर पतीमागे फरफटत गेल्याचे नव्हते. त्यांची पायरी त्यांनी स्वतः चढली. त्या मोकळ्या जागेचे श्रेय टिळकांच्या संयमालाही द्यावे लागते.

तरीही राग गेला नव्हता, औदार्याचा अतिरेकही गेला नव्हता. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात अहमदनगरच्या परिसरात अनाथ मुलांची दैना झाली. टिळकांचे घर अशा मुलांनी भरून गेले. त्यांना घरी आणण्याचा निर्णय टिळक घेत. त्यांना न्हाऊमाखू घालणे, खाऊ घालणे आणि दुखणीखुपणी काढणे लक्ष्मीबाईंच्या माथी येई. स्वभावाचा तोच उतावळेपणा येथे करुणेच्या कामी आला. पौलाच्या भाषेत बोलावयाचे तर जुने मनुष्यपण नाहीसे झाले नव्हते, परंतु त्याला नवे धनी लाभले होते.

५.

१९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. याच सुमारास ते मराठी कवितेतील एक महत्त्वाचे नाव बनले होते. केशवसुतांशी त्यांचा परिचय नागपूरपासूनचा होता. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात बालकवी ठोमरे यांच्या प्रतिभेचा उदय त्यांनी पाहिला, आणि पुढे या तरुण कवीला आपल्या घरात मुलासारखे ठेवून घेतले. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘माझी भार्या’ यांसारख्या कवितांतून निसर्ग, कुटुंब आणि देश हे विषय त्यांनी हाताळले. ‘वनवासी फूल’मध्ये एकान्तातील सौंदर्य आणि लोकांमध्ये जाऊन करावयाची सेवा यांचा जो वाद रंगतो, तो कवीच्या मनातलाच वाद आहे.

येथे संघर्षाचे दुसरे अंग प्रकट होते. कवीला कीर्तीची ओढ असते. भक्ताला स्वतःचे नाव पुसावेसे वाटते. टिळकांना दोन्ही हवे होते, किंबहुना दोन्ही टाळता येत नव्हते. सभेतील टाळ्या आणि मासिकांतील प्रशंसा यांचा मोह त्यांना कळत होता. उपासनेसाठी लिहिलेल्या पदांमध्ये म्हणूनच ‘मी’ नाहीसा व्हावा, त्याच्या जागी ख्रिस्त यावा, ही मागणी पुन्हा पुन्हा येते. ही मागणी पुन्हा पुन्हा यावी लागते, यातच ती पुरी झाली नसल्याची कबुली आहे. ज्याचा अहंकार गळून पडला आहे, त्याला तो गळावा अशी प्रार्थना रोज करावी लागत नाही. टिळकांची भक्तिगीते सिद्धाची नाहीत, साधकाची आहेत. आणि त्यामुळेच ती सामान्य उपासकाच्या ओठी बसली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या पदांना आजही मोठे स्थान आहे.

या पदांची घडण देशी आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची धारणा होती, आणि ती त्यांनी लपविली नाही. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, माउली म्हणतात. अभंगाचा छंद, भजनाची चाल आणि कीर्तनाची बैठक त्यांनी उपासनेत आणली. ही बाब केवळ शैलीची नव्हती. स्वतःच्या मनाला दोषी ठरवून त्याच्याशी उघड भांडण्याची रीत त्यांना तुकारामांच्या अभंगांत तयार सापडली. पौलाने ग्रीक भाषेत मांडलेला अंतःकलह मराठीत बोलका व्हावा, यासाठी जी भाषा हवी होती, ती वारकरी संतांनी आधीच घडवून ठेवली होती. परकीय धर्मसंज्ञांचे कोरडे भाषांतर करण्याऐवजी टिळकांनी त्या भाषेत वस्ती केली. कृपा, शरणागती आणि पतितपण हे शब्द त्यांच्या पदांत उसने वाटत नाहीत, ते यामुळेच.

पंडिता रमाबाईंच्या अनुभवाशी याची तुलना उद्बोधक ठरेल. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही काही वर्षे आपणास धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा आशय रमाबाईंनी आपल्या साक्षीत मांडला आहे. त्यांच्या बाबतीत आंतरिक निश्चितीचा एक क्षण आला आणि त्याने पूर्वायुष्य व उत्तरायुष्य यांच्यात रेघ ओढली. टिळकांच्या जीवनात अशी एकच रेघ सापडत नाही. त्यांचे वळण पुन्हा पुन्हा येते. १८९३, १८९५, १९०० आणि अखेर १९१७.

६.

मिशनच्या सेवेत टिळक वीसहून अधिक वर्षे राहिले. ‘ज्ञानोदय’ या १८४२ पासून चालत आलेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांचा स्नेह त्यांना लाभला. तथापि, परदेशी पैशावर आणि परदेशी व्यवस्थेखाली चालणारी भारतीय मंडळी हे दृश्य त्यांना सतत सलत होते. पगारी धर्मोपदेशकाचा उपदेश ऐकणाऱ्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोचत नाही, संन्याशाला ऐकणारा देश नोकराला ऐकत नाही, अशी त्यांची खात्री होत गेली.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. वेतन सोडले, भगवे वस्त्र धारण केले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नावाने एका बंधुसंघाची स्थापना केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य तेथे एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना होती. तत्कालीन मिशनच्या चौकटीत ती धाडसाची होती, आणि ख्रिस्ती विचाराच्या भारतीयीकरणाच्या इतिहासात तिची नोंद आजही घेतली जाते. ‘अभंगांजली’त संगृहीत झालेली त्यांची परिणत रचना या अखेरच्या पर्वाशी निगडित आहे. ख्रिस्ताच्या दर्शनाची तहान आणि त्याच्याशी एकरूप होण्याची आस तिच्यात सर्वत्र जाणवते.

येथे १८९५ चा प्रश्न पुन्हा उभा राहतो. हा त्याग आत्म्याचा विजय मानावा, की घर सोडून निघण्याची तरुणपणची ओढ भगव्या वस्त्रात परत आली, असे म्हणावे? वेतन गेले ते टिळकांचे, पण त्यावर चालणारे घर लक्ष्मीबाईंचे होते. संन्यासाची किंमत संन्याशापेक्षा त्याच्या मागे राहणाऱ्यांना अधिक मोजावी लागते, हे सत्य भारतीय परंपरेत फारसे बोलले जात नाही. ‘स्मृतिचित्रे’चे एक मोठेपण हे की तिने ते न रागावता बोलून दाखविले.

दोन्ही पर्यायांपैकी एकच खरा मानण्याचा हट्ट मात्र पौलाच्या विचाराशी विसंगत ठरेल. त्याच्या मते या जन्मी देहस्वभाव आणि आत्मा यांची फारकत पुरी होत नाही. दोघे एकाच माणसात, अनेकदा एकाच कृतीत वस्ती करतात. टिळकांचे १९१७ चे पाऊल असेच दुपेडी आहे. त्यात जुनी अस्वस्थता आहे, तसेच जुन्या अस्वस्थतेत कधी नसलेले असे काहीतरी आहे. तरुण टिळक जात ते कोणालाही न सांगता आणि कोठे जायचे ते न ठरवता. वृद्ध टिळक गेले ते उघडपणे घोषणा करून, एका निश्चित कार्यासाठी. तरुण टिळक स्वतःचा धर्म स्थापन करू पाहत होते. दरबारात त्यांनी स्वतःसाठी धर्मसंस्थापकाचे आसन ठेवले नाही. तेथील राजा ख्रिस्त होता. महत्त्वाकांक्षा मेली नव्हती, तिने मान लववली होती. पूर्ण विजय आणि केवळ आत्मवंचना या दोन टोकांमध्ये माणसाच्या धर्मजीवनाचा जो विस्तीर्ण प्रदेश असतो, त्यात हे पाऊल पडते.

७.

दरबाराचे आयुष्य अल्प ठरले. टिळकांची प्रकृती ढासळली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. ख्रिस्ती रिवाजात त्या काळी ही गोष्ट असाधारण होती. देशी राहून ख्रिस्ताचे व्हावे, ही त्यांची धडपड चितेपर्यंत त्यांच्या सोबत गेली. १९२२ मध्ये विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली आणि पुढल्याच वर्षी टिळकांचे चरित्र इंग्रजी वाचकांपुढे ठेवले. भारतीय वळणाच्या ख्रिस्ती साधनेचा विचार अशा रीतीने मागे राहिला.

मागे आणखी एक गोष्ट राहिली होती. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध मराठीत सांगण्याचा संकल्प टिळकांनी १९०९ मध्ये सोडला होता. ‘ख्रिस्तायन’ हे त्या महाकाव्याचे नाव. आरंभीचे दहा-अकरा अध्याय लिहून झाले आणि काम थांबले. कार्ये हाती घेऊन अर्धवट टाकण्याच्या त्यांच्या प्रकृतीला हे धरूनच होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या, लिहिण्यावाचण्याची गोडी पतीच्या सहवासात लागलेल्या या स्त्रीने उतारवयात साठांहून अधिक अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ने याच काळात मराठी आत्मचरित्राचा इतिहास बदलला होता.

टिळकांच्या अंतःसंघर्षाचा अखेरचा निवाडा त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या पदांत शोधून भागत नाही. त्यांच्या क्रोधाचा, भ्रमंतीचा आणि त्यागाचा भार जिने सर्वाधिक वाहिला, तिची साक्ष येथे निर्णायक ठरते. लक्ष्मीबाईंनी त्यांचे दोष झाकले नाहीत आणि त्यांना संतपदही दिले नाही. असे असूनही त्यांच्या निवेदनात कडवटपणा नाही. त्या हसतात, आणि त्या हसण्यात क्षमा आहे. ज्याच्या स्वभावाने तिला आयुष्यभर छळले, त्याचे अर्धे राहिलेले काम तिने स्वतःहून पूर्ण केले. टिळकांना जे बदल स्वतःमध्ये पुरते घडविता आले नाहीत, ते त्यांच्या सहवासात वाढलेल्या माणसात दिसून येतात. आत्म्याचे फळ ज्या झाडावर आले, ते झाड टिळकांच्या घरच्या अंगणात वाढले होते. त्याला पाणी मात्र दोघांनी घातले होते.